कोण थांबू शकतं?

मी पोटविकारांचा डॉक्टर. राहतो नागपुरात, पण माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून झरी-जामणीकडे जाताना लागतं. म्हणून ठरावीक रविवारी वणीतल्या एका दवाखान्याच्या माडीवर ओपीडी करतो. पोट आतून पाहायच्या दुर्बिणीची पेटी गाडीच्या मागच्या सीटवर, सोबत टेक्निशियन, आणि वाटेत जाम गावी चहा. नागपूर ते वणी सव्वाशे किलोमीटरच्या वर. आम्ही गाडीने आरामात जातो, पण उलट बाजूने येणाऱ्या पेशंटला हाच रस्ता एसटीने, उपाशीपोटी, वरोऱ्याला गाडी बदलून करावा लागतो. पोटाचा डॉक्टर म्हटला की विदर्भात त्याचा पत्ता बहुधा नागपूर असतो, फार तर अमरावती, अकोला. बाकी जिल्ह्यांच्या नशिबी आमच्यासारखे रविवारचे पाहुणे.

आमच्याकडे गळ्यापासून बेंबीपर्यंत काहीही झालं तरी त्याचं नाव ‘गॅस’. हार्ट अटॅकसुद्धा आधी गॅस म्हणूनच येतो. माणूस समोर बसतो आणि म्हणतो, “गॅस होऊन राह्यला जी. दुर्बीण टाकून पाहा बरं एकदा.” तक्रार सांगायच्या आधी तपासणीची मागणी. त्यात त्याचं चुकत नाही. त्याने रोजी पाडलेली असते, तिकीट काढलेलं असतं, सोबत आलेल्या मेव्हण्याचीही रोजी गेलेली असते. एवढं करून डॉक्टरने नुसतं बोलून आणि पोट दाबून परत पाठवलं, तर गावात सांगायचं काय? आणि आमचंही खरं बोलायला हरकत नाही: पोटाच्या डॉक्टरचं घर बोलण्यावर चालत नाही, दुर्बिणीवर चालतं. अर्धा तास हिस्ट्री घेतली तर तपासणी फी तेवढीच. पाच मिनिटांची एंडोस्कोपी केली तर बँकेचा हप्ता निघतो. दोन्ही बाजूंना दुर्बीण हवी असायची आणि मध्ये ‘गरज आहे का’ विचारणारा कोणी नसायचा.

दुर्बीण टाकणंही इथे सोपं नाही. घशात बधिरतेचा फवारा मारायचा, डाव्या कुशीवर निजवायचं, दातांमध्ये प्लास्टिकचं माउथपीस बसवायचं, एवढं साधं काम. पण विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरणाऱ्या माणसाचं तोंड तिशी-पस्तिशीतच उघडेनासं होतं. गालाची आतली बाजू पांढरी, ताठ, ओढलेली. “आ करा” म्हटलं की दोन बोटं कशीबशी जातील एवढी फट. माउथपीस तिथेच अडतं. मग बारीक दुर्बीण शोधा, तिरकी घाला, माणूस खोकतो, ओकाऱ्या देतो, आणि आपण त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

ते वीतभर अंतर मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे एकदम मोठा विषय झालं.

जनता कर्फ्यू २२ मार्चला, म्हणजे नेमका रविवारी आला. माझ्या वणीच्या रविवारांतला तो पहिला रद्द झालेला. तीन दिवसांनी देशच बंद झाला. लवकरच आमच्या धंद्यातल्या तिन्ही राष्ट्रीय संघटनांनी, म्हणजे पोटवाले, एंडोस्कोपीवाले आणि लिव्हरवाले, मिळून मार्गदर्शन काढलं. त्याचं सार एका ओळीत सांगता येईल: थांबता येईल ती प्रत्येक तपासणी थांबवा. कारण उघड होतं. दुर्बीण घशात गेली की माणूस खोकणार, आणि खोकल्याचे तुषार खोलीभर तरंगणार. त्यात आणखी एक भर पडली. हा विषाणू ज्या दाराने पेशीत शिरतो ते एसीई-२ नावाचं दार फुफ्फुसात आहे तसंच लहान आतड्याच्या अस्तरातही भरपूर आहे. काही पेशंटना ताप-खोकल्याआधी नुसते जुलाब, उलट्या, अन्नावरची वासना जाणं, असंच सुरू व्हायचं. नाकाचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावरही विष्ठेत विषाणूचे अंश सापडत होते. म्हणजे वरून घालायच्या दुर्बिणीची भीती होतीच, खालून घालायच्या दुर्बिणीचीही लागली.

आता ‘थांबता येईल ती’ कोणती, हे कोणी ठरवायचं? संघटनेचा कागद दिल्ली-मुंबईसाठी लिहिल्यासारखा वाटत होता. मी आणि माझ्या टेक्निशियनने एक जुनं रजिस्टर काढलं आणि पुढच्या महिन्याभरात ज्यांना तारखा दिल्या होत्या त्यांची नावं तीन रकान्यांत वाटायला बसलो.

पहिला रकाना, थांबू न शकणाऱ्यांचा, सोपा. रक्ताची उलटी. आत रक्त वाहून डांबरासारखी काळी झालेली संडास आणि सोबत चक्कर. अन्ननलिकेत हाड किंवा नाणं अडकलेलं पोर. आणि पित्तनलिकेत खडा अडकून थंडी-ताप-कावीळ झालेला माणूस. हा शेवटचा प्रकार आमच्याकडे तरण्या पोरांतही दिसतो, कारण पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. लाल पेशी सारख्या फुटत राहतात, त्यांच्या रंगद्रव्याचे काळे खडे पित्ताशयात साचतात, आणि एखादा घसरून नलिकेत बसतो. विशी-बाविशीतली मुलगी, डोळे हळदीसारखे, अंगात हुडहुडी. तिला थांबवता येत नाही. पू झालेल्या नलिकेला महामारी कळत नाही.

तिसरा रकानाही सोपा, आणि तोच सगळ्यात लांब. जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं, पोट साफ न होणं. वय कमी, वजन स्थिर, रक्त चांगलं, भूक चांगली. एरवी यातल्या बहुतेकांच्या पोटात मी दुर्बीण टाकली असती.

खरी परीक्षा मधल्या रकान्याची. आज-उद्या मरणार नाहीत, पण तीन महिने थांबले तर काय होईल सांगता येत नाही, असे. गिळताना अडकतंय म्हणणारे. संडासला रक्त जाणारे. लिव्हर सुकलेले, ज्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबराचे बँड लावायची पुढची पाळी एप्रिलमध्ये होती. आतड्याच्या सुजेसाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या खाणारे, ज्यांना टीव्ही पाहून वाटत होतं की आपण पहिले जाणार, आणि म्हणून ते परस्पर गोळ्या बंद करत होते. (त्यांना फोन करकरून सांगावं लागलं, गोळी सोडू नका, आजार उसळला तर हॉस्पिटलात यावं लागेल, आणि आता हॉस्पिटल हीच धोक्याची जागा आहे.) प्रत्येक नावापुढे टेक्निशियन विचारायचा, “सर, हे थांबू शकतात?” मी उत्तर द्यायचो आणि रात्री तेच नाव पुन्हा आठवायचं.

फोनवर तपासायला सरकारनेच २५ मार्चला रीतसर परवानगी दिली. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं त्या दिवशी आली. त्याआधी फोनवर औषध सांगणं हा चोरटा मामला होता. पेशंट “फक्त विचारायचं होतं” म्हणायचा आणि आपण “फक्त सांगतो” म्हणायचो. आता तेच दवाखाना झालं. पण पोट ही फोनवर तपासायची चीज नाही. पोटाला हात लावावा लागतो. मग हात शोधले. वणीतले एक ज्येष्ठ जनरल प्रॅक्टिशनर माझे हात झाले. तिकडे कोणी नसेल तिथे पेशंटचा मुलगा, सून, पुतण्या. “भाऊ, बाबांच्या नडगीवर अंगठा दाब, दहापर्यंत मोज, काढ. खड्डा राहिला का?” पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग, “राह्यला ना सर, हे पाहा,” आणि फोन कॅमेऱ्यावर वळायचा तो थेट छताकडे.

काविळीचे फोटो यायचे. पहिल्या आठवड्यात मला सगळा तालुकाच पिवळा वाटला. घरातला पिवळा बल्ब, स्वस्त मोबाईल, आणि रात्री आठ वाजता काढलेला डोळ्याचा फोटो. मग नियम केला: पेशंटला सकाळी अंगणात आणा, उन्हात नको, सावलीत. खालची पापणी ओढा, वर पाहायला सांगा आणि शेजारी पांढरा कागद धरा. कागद फोटोत पांढरा दिसत असेल तरच डोळ्यावर विश्वास ठेवायचा. वजनासाठी कृषी केंद्रातला काटा. पोटात पाणी झालेल्यांचा घेर मोजायला शिंप्याची टेप, बेंबीवरून, रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर. एका आजींची नात तो घेर शाळेच्या वहीत तारखेसकट लिहायची आणि दर आठवड्याला पानाचा फोटो पाठवायची. घेर वाढला की मी पाणी उतरवायची गोळी वाढवायचो, मीठ विचारायचो. लोणचं बंद केलं का? “लोणचं बंद हाये, पन ठेचा खाते,” नातीने फितुरी केली. एवढी व्यवस्थित नोंद मी माझ्या वॉर्डातही पाहिलेली नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली जुगाड ऑक्सिमीटरची. सुकलेल्या लिव्हरवाल्यांना रक्ताची उलटी होऊ नये म्हणून बँड लावतात, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात, जिने त्या शिरांमधला दाब उतरतो. गोळीचा डोस नाडीवर ठरतो. नाडी मिनिटाला साधारण ५५ ते ६० पर्यंत आणायची, खाली नाही. बँडिंग थांबवलं तर गोळी वाढवायला हवी, पण खेड्यात नाडी मोजायची कोणी? सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरायला लागल्या. त्यांना सांगितलेलं होतं वरचा आकडा पाहायला, ऑक्सिजनचा. मी म्हटलं, “ताई, खालचा आकडा सांगाल का?” खालचा आकडा नाडीचा. कोरोना शोधायला आलेल्या यंत्राने मारेगाव तालुक्यातल्या एका माणसाची लिव्हरची गोळी दोनदा वाढली. त्याचं बँडिंग शेवटी दिवाळीच्या आसपास झालं. मधल्या काळात त्याला रक्ताची उलटी झाली नाही. गोळीमुळे की नशिबाने, हे एका पेशंटवरून ठरत नाही.

दारूचं वेगळंच झालं. आमच्याकडे दारूबंदीचा नकाशा मजेशीर आहे. वर्धा जिल्हा गांधीजींमुळे कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, आणि चंद्रपूर १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत. म्हणजे तेव्हा वर्धा नदीच्या पलीकडे बंदी आणि अलीकडे वणी. पूल ओलांडून प्यायला येणाऱ्यांची वर्दळ इथल्या माणसाला नवी नाही. लॉकडाऊनने अलीकडची बाजूही बंद केली. पहिल्याच आठवड्यात हातपाय थरथरणं, रात्री भिंतीवर किडे दिसणं, फिट येणं, असे फोन सुरू झाले. दारू सुटली म्हणून घरचे आनंदात आणि माणूस भ्रमात. काही जण खरंच सुटले. त्यांचं लिव्हर, जे आम्ही पाच वर्षं समजावून सुधारलं नव्हतं, ते सहा आठवड्यांत सुधारताना रिपोर्टमध्ये दिसलं. काही मोहाच्या दारूकडे वळले. आणि एप्रिल २०२१ मध्ये दुकानं पुन्हा बंद असताना वणीतच काही मजुरांनी सॅनिटायझर पिऊन जीव गमावला. ती बातमी राज्यभर गेली. बाहेरच्यांनी ती मूर्खपणाची गोष्ट म्हणून वाचली. शरीराला लागलेलं व्यसन एका आदेशाने बंद होत नसतं, त्याला औषध लागतं, हे कोणत्याही आदेशात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या रकान्यातल्यांसाठी नागपुरात दुर्बीण चालूच होती. त्याबद्दल फार लिहीत नाही, पीपीईच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकल्यात. फक्त मे महिना विदर्भातला होता, एवढं लक्षात घ्या. बाहेर पारा ४५ च्या वर, सेंट्रल एसी बंद कारण एका खोलीची हवा दुसरीत जायला नको, कूलरचा प्रश्नच नाही. खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन सुरू. दोन हातमोज्यांमधून दुर्बिणीची चाकं फिरवायची, आणि गॉगलवर वाफ. रक्त वाहत असलेली शीर स्क्रीनवर दिसतेय की गॉगलवर ओघळ आलाय, हे कळायला मान तिरकी करून पाहावं लागायचं. एक पेशंट झाला की खोली रिकामी सोडायची, मग फरशी, मग दुर्बीण रसायनात बुडवून ठेवायची. पूर्वी सकाळभरात आटपणारं काम दिवसभर पुरायला लागलं. या काळात आमच्याकडे शिकायला असलेल्या पोरांचं नुकसान झालं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. हात बसायला शेकडो दुर्बिणी कराव्या लागतात. त्यांचं उमेदवारीचं अख्खं वर्ष कोविड वॉर्डात ऑक्सिजनचे आकडे लिहिण्यात गेलं.

दुसरी लाट आमच्याकडे आधी आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाकी देश लग्नं उरकत होता तेव्हा अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं होतं. त्या लाटेनंतर माझ्याकडे आलेले पेशंट कोविडचे नव्हते, कोविडच्या औषधांचे होते. डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल रात्री घोटभर पाण्यासोबत गिळून लगेच आडवं व्हायचं. ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथेच व्रण पाडते. थुंकी गिळतानाही छातीत सुरी फिरल्यासारखं. औषध काय, तर कॅप्सूल बंद करा आणि यापुढे कुठलीही गोळी बसून, ग्लासभर पाण्यासोबत घ्या. पण पेशंटला वाटायचं कोरोना छातीत उतरला. गरज नसताना, घरच्या घरी, आठवडेच्या आठवडे खाल्लेले स्टेरॉइड. साखर ४०० च्या वर, आणि सोबत रक्त पातळ करायची गोळी असेल तर काळी संडास. त्याच स्टेरॉइड आणि साखरेच्या जोडीने काळी बुरशी आणली. तिच्यावरचं अॅम्फोटेरिसिन हे औषध मिळेना तेव्हा त्याचं उत्पादन वर्ध्यात सुरू झालं. आमच्या अंगणातली कंपनी म्हणून कौतुक वाटलं, आणि अंगणात एवढे पेशंट का, याची लाजही.

आणि गुळवेल. कडुनिंबावर चढलेली गुळवेल आमच्या खेड्यांत कोणाला नवी नाही. ताप आला की बोटभर कांडं उकळून द्यायचं, दोन-तीन दिवस. कोविडमध्ये तीच गुळवेल सकाळ-संध्याकाळ, महिनोन्महिने, घरातल्या सगळ्यांना, शिवाय दुकानातल्या गोळ्या वेगळ्या. कावीळ होऊन आलेल्या एका मावशींचे कावीळ अ, ब, क, ई सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते, दारू नाही, खडा नाही. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, “औषध काही घेत नाही जी, काढाच पेते.” मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशाच सहा पेशंटचा वृत्तांत छापला. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ जणांचा आला. त्यातल्या बऱ्याच जणांना थायरॉइड किंवा मधुमेह असा काही आजार आधीपासून होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखली नसेल, दुसरी भेसळीची वेल असेल. असू शकतं. मावशींनी काढा बंद केला आणि कावीळ हळूहळू उतरली. मी तरी आता काविळीच्या प्रत्येक पेशंटला ‘औषध काय घेता’ हा प्रश्न विचारत नाही. ‘पोटात काय काय जातं’ असं विचारतो.

दुर्बीण पूर्ववत सुरू झाल्यावर मी ते रजिस्टर पुन्हा काढलं. तिसऱ्या रकान्यातल्या लोकांना एकेक करून फोन लावले. बहुतेकांना तारीख नको होती. कोणाची जळजळ महिनाभराच्या गोळीने गेली होती. कोणाची लग्नाच्या पंगती बंद झाल्याने गेली. कोणी “कोनती दुर्बीण?” असं विचारलं. त्यांच्यापैकी कोणाच्याही पोटात मी नंतर काही भयंकर पाहिलं नाही. म्हणजे एवढी वर्षं मी ज्या तपासण्या करत होतो त्यातला मोठा वाटा पेशंटच्या समाधानासाठी आणि माझ्या हप्त्यासाठी होता, असं म्हणायला आता जागा आहे. हे मी नागपुरात एका बैठकीत बोललो तेव्हा एक सहकारी म्हणाला, “तू बोल, बँकेला कोण समजावणार?” सगळे हसले आणि विषय जेवणाकडे वळला.

मधल्या रकान्याचं तसं झालं नाही. झरीकडच्या एका पन्नाशीच्या बाईंची माहिती सांगतो, ओळख पटेल असे तपशील सोडून. लॉकडाऊनच्या सुरुवातीला त्यांना भाकर अडकायची, पाण्याचा घोट घेतला की उतरायची. एसटी बंद. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, तो काढायला ऑनलाइन अर्ज, आणि घरात एकच साधा फोन. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी ऑगस्टच्या वीस तारखेपासून सुरू झाली. तोवर त्या भाकर चुरून दुधात खात होत्या. मग सोयाबीन काढायला आलं. मग कापूस. माझ्यासमोर त्या आल्या तेव्हा वरणाचं पाणीच जात होतं आणि लुगड्याच्या निऱ्या दुप्पट झाल्या होत्या. दुर्बीण अन्ननलिकेत अर्ध्यावर अडली. गाठ. त्यांच्या मुलाने मला विचारलं, “सायेब, तवा आनलं असतं तं?” मी त्याला खरं सांगितलं की आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा आणायला रस्ता नव्हता, हेही तेवढंच खरं. त्यांना जाळीची नळी बसवली. काही महिने जेवल्या.

आता त्या ‘काही महिन्यां’चा दोष मला नुसत्या महामारीच्या खात्यावर लिहिता येत नाही, कारण नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. दुसरी लाट ओसरली होती, ई-पास नव्हता, माझी ओपीडी उघडी होती, आणि माडीवरच्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या. तीच माणसं पुन्हा थांबली. शहरातल्या माझ्या पेशंटना २०२० मध्ये आयुष्यात पहिल्यांदा ‘थांबा’ असं कोणीतरी सांगितलं. झरीच्या बाईंना ते कोणी सांगावंच लागलं नाही. सोयाबीन, कापूस, पोरीचं लग्न, पुलावरून पाणी, गाडी नाही, पैसे नाहीत. आम्ही तज्ज्ञ मंडळी ज्याला महामारीतला अपवाद म्हणून परिषदांमध्ये मांडतो, तो इथला नेहमीचा हिशोब आहे. बदललं एवढंच की काही काळ डॉक्टरही त्या हिशोबात आला आणि त्याला रात्री झोप लागेना.

आता वणीला गेलो की मी आधी रकाने पाडतो. वणीचे ते डॉक्टर शनिवारी रात्रीच यादी पाठवतात. गिळायला त्रास, वजन घटलेलं, रक्त कमी, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला ‘गॅस’, ही नावं वर. त्यांच्यासाठी दुर्बीण त्याच दिवशी, रिकाम्या पोटी यायचा निरोप आदल्या दिवशी. बाकीच्यांना फोन. दुर्बिणी पूर्वीपेक्षा कमी होतात, रविवार मात्र पूर्वीइतकाच भरतो, कारण बोलायला वेळ लागतो. तरुण सहकाऱ्यांना हे मागासलेलं वाटतं. वाटू दे.

पण फोनचंही एक दुखणं मागे राहिलंच. गेल्या हिवाळ्यात यादीत एक नाव होतं, २०२० मध्ये तिसऱ्या रकान्यात असलेलं. तेव्हा फोनवरच गोळी सांगितली होती आणि ते बरे झाले होते. आता वय साठीकडे, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन आठ. मी दुर्बीण सुचवली तर ऐकेनात.

“तवा तं फोनवरच बरं केलं होतं जी. आता काऊन दुर्बीण?”

“तेव्हा वजन कमी झालं नव्हतं काका. रक्त कमी नव्हतं. आता आहे.”

“कापूस येचून झाला का येतो.”

“कापूस थांबेल. हे थांबणार नाही. आता आलाच आहात रिकाम्या पोटी, तर आजच करू.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने खाली. मग कबुली आली की निरोप मिळूनही येताना बसस्टँडवर चहा आणि आलुबोंडा झाला आहे. सोमवारी नागपूरला यायचं ठरलं. येताना तेव्हाचे कागद आणा, जुना रिपोर्ट असला तर बरं, असं म्हटलं.

“कागद कोठचा? तुमी व्हाट्सअॅपवरच तं लिहून देल्लं होतं. अन् तो मोबाईल पोरानं इकला.”